शेवटचा ‘का’

मिसबाच्या ऑनलाइन मुलाखतीचं रेकॉर्डिंग सात मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. प्रश्न अकरा, उत्तरं आठ. जपानमधल्या वृद्धाश्रमाच्या बाई एकूण दोन मिनिटं दहा सेकंद बोलल्या, मिसबा एक मिनिट अठरा सेकंद. उरलेली चार मिनिटं बारा सेकंद कुणीच काही बोललं नव्हतं.

मिसबा येरवड्यात आमच्या समोरच्या इमारतीत राहते आणि एका रुग्णालयात म्हाताऱ्या पेशंटचं सगळं करते. जपानीच्या दोन लेखी परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मुलाखतीत मात्र नकार आला. महिन्याभरात दुसरी मुलाखत होती. त्यातही नकार आला, तर जपानला कामासाठी पाठवणारी संस्था तिचं नाव यादीतून काढणार होती. दोन वर्षांची मेहनत वाया जाणार होती.

“तू स्टॅटिस्टिक्सवाली ना,” तिने मोबाइल माझ्यासमोर ठेवला. “मोजून सांग, माझं अडतं कुठे.”

कर्वेनगरच्या जपानी क्लासमधल्या दिगंबर सरांनी तिला मोजमाप न करताच सांगितलं होतं, “मिसबा, उत्तर देणार असाल तर आधी कल्पना देत जा. मी तेवढ्यात चहा घेऊन येतो.”

सगळ्यात लांब शांतता एकोणीस सेकंदांची होती, सातव्या प्रश्नानंतर. एखाद्या आजी जेवायला नको म्हणाल्या तर काय कराल? मी तोच प्रश्न तिला मराठीत विचारला. दोन सेकंदांत उत्तर आलं.

“शेजारी बसते. थोडं थांबते. ‘चहा घेता का’ असं विचारते. चहा घेतला की पोळीचा तुकडाही जातो.”

म्हणजे उत्तर तिच्याकडे होतं. मी हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि ते एकोणीस सेकंद पुन्हा ऐकले. ती अगदी शांत नव्हती. पुटपुटत होती: “आय... सिट... निअर...”

“तू आधी इंग्लिशमध्ये करतेस?”

“मग कशात करू? वहीत सगळे अर्थ इंग्लिशमध्येच आहेत.”

“तुझं इंग्लिश कसंय?”

“तुला माहितीये. जपानीपेक्षा वाईट.”

घरी ती हिंदी बोलते, शाळा मराठी. पण परदेशी भाषा इंग्रजीच्या दारातूनच शिकायची, असं आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात बसलेलं. मी कागदावर तिचं उत्तर मराठीत लिहिलं आणि खाली तिच्याकडून जपानी लिहून घेतलं.

शेजारी बसते. तोनारी नि सुवारिमास.
थोडं थांबते. सुकोशी माचिमास.
चहा घेता का, असं विचारते. ओचा नोमिमास का, तो किकिमास.

ती बोट ठेवत वाचत गेली. क्रियापद शेवटी. प्रश्न विचारायचा ‘का’ त्याच्याही नंतर, दोन्ही ओळींत तोच. ‘असं’च्या खाली ‘तो’.

“अगं, हा ‘का’ आपलाच आहे की!” ती हसायला लागली. “दोन वर्षं मी याला उलटा करून परत सुलटा करतेय!”

त्या दिवसापासून नियम एकच: मध्ये इंग्लिश नाही. हातातलं काम बोलायचं, मोठ्याने, छोट्या वाक्यांत. एकाच प्रश्नाचं उत्तर लागोपाठ तीनदा: आधी एक मिनिट, मग पाऊण, मग अर्धं. अडलं तर थांबायचं नाही, दुसऱ्या सोप्या शब्दांत सांगायचं.

चौथ्या दिवशी तिच्या अम्मीने, नूरबानूखालांनी, मला जिन्यात गाठलं. “शेफाली, काय शिकवलंस गं हिला? मघापासून कांद्याशी बोलतेय.”

“कांदा काय म्हणतो, खाला?”

“तो बिचारा काय म्हणणार? रडवतोय मेला.”

पण दुसऱ्या दिवसापासून खाला समोर बसू लागल्या. जपानी एक शब्द कळत नव्हता, तरी लेक बोलायची थांबली की म्हणायच्या, “आगे बोल.” ऐकायला माणूस असलं की मिसबाचं वाक्य पूर्ण व्हायचं. मी हे तपासलं: भिंतीसमोर दहापैकी पाच, अम्मीसमोर दहापैकी आठ.

पहिल्या आठवड्यानंतर तेच अकरा प्रश्न विचारून मी मोजलं, तर शांतता फक्त अर्ध्या मिनिटाने कमी झाली होती. वाक्याची रचना जमली होती, पण शब्द कमी पडत होते. गुडघा, उशी, औषध, कूस बदलणं हे तिला रोज लागणारे शब्द तिने क्लासच्या यादीत नसताना शोधले. दुसऱ्या आठवड्यात मधेच एकदा ती रडली. “मला तिथे विचारलं आणि परत सगळं पुसलं गेलं तर?”

“तर थोडं थांब. थांबायचं जपानी तुला येतंय.”

“सुकोशी माचिमास,” ती नाक पुसत म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी खाला घराच्या दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. आतून मिसबाचा आवाज येत होता, मग बाईंचा, मग पुन्हा मिसबाचा. एकदा दोघी एकदम हसल्या. खालांनी माझा हात धरला तो सोडला नाही.

नऊ दिवसांनी संस्थेची यादी आली. उमेदवार सहा, निवड दोन. मिसबाचं नाव दुसरं होतं.

त्या संध्याकाळी मी नवं रेकॉर्डिंग मोजलं. प्रश्न अकरा, उत्तरं अकरा. एकूण शांतता एक मिनिट चार सेकंद. आजींच्या प्रश्नानंतर, दोन सेकंद.