प्रेसवरची खाच

कंपनीत सोबत काम केलेल्या गोकुळनं शब्द दिला होता, म्हणूनच भागूबाई तहसीलच्या साहेबांना घेऊन वाळूजच्या त्या शेडवर आल्या होत्या. थकलेल्या पगाराबद्दल कामगार न्यायालयाचा निवाडा कामगारांच्या बाजूनं लागून दीड वर्ष झालं, पण मालक शिवराजशेठचं एकच पालुपद: कंपनी बुडाली, जप्त करायला खिळासुद्धा राहिला नाही. मग गोकुळनंच हळूच फोन केला. कंपनीची पत्रा कापायची जुनी पॉवर प्रेस कुठंच गेलेली नाही, शेठच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये रंग देऊन उभी आहे. तुम्ही जप्ती आणा, मी ओळख पटवतो.

आता तोच गोकुळ, गळ्यात सुपरवायझरचं नवंकोरं ओळखपत्र अडकवून, भागूबाईंकडं न बघता म्हणत होता, "नाय साहेब. ही मशीन वेगळी. मेव्हण्यांनी पुण्याहून आणली."

भागूबाईंना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. निवाड्याच्या दिवशी यानंच पाया पडून पेढा दिला होता. कामगारांच्या यादीत त्याचंही नाव होतं. ते त्यानं परवाच काढून घेतलं, हे तिथं हजर असलेल्या शेठच्या माणसानं मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं साहेबांना सांगितलं.

मशीनवरची नंबरपट्टी खरवडलेली होती. नुसत्या सांगण्यावर जप्ती होत नाही बाई, काही खूण आहे का, असं विचारत साहेब कागद आवरू लागले.

खूण होती. सांगितली तर गोकुळ चारचौघांत खोटा पडणार होता.

"खालच्या पाटावर, मागल्या अंगाला, बोटभर खाच असंल," भागूबाई शेवटी म्हणाल्या. "पुसून बघा."

शिपायानं चिंधीनं ग्रीस पुसलं. खाच होती.

"ही कशानं पडली हो?" साहेबांनी गोकुळला विचारलं.

गोकुळचा उजवा हात आपसूक पाठीमागं गेला. अकरा वर्षांपूर्वी प्रेस त्याच हातावर उतरत होती, आणि भागूबाईंनी मध्ये पहार घातली होती; तिचीच ही खाच. पाचही बोटं शाबूत राहिली. त्या बोटांसाठीच भागूबाईंनी तेव्हापासून गुरुवार धरला होता.

साहेबांनी खाच मोजून पंचनाम्यात लिहिली. प्रेसला जप्तीचा कागद लागला, वर लाखेची मोहर बसली. शेठचा माणूस वकिलाला फोन लावत बाहेर गेला.

तेवढ्यात गोकुळ जवळ आला. एका हातात चहा, दुसऱ्यात दोन केळी.

"काकू, शेठ म्हणले, एवढं बोल, नोकरी पक्की. पोरगी कॉलेजला हाय माझी." तो थांबला. "आज गुरुवार ना? सकाळपासून काय खाल्लं नसंल तुम्ही."

भागूबाईंचा घसा सुकून गेला होता. त्यांनी केळ्यांकडं पाहिलं, मग त्याच्या बोटांकडं.

"आज पाणी पण चालत नाय मला," त्या हळूच म्हणाल्या.

इतक्या वर्षांत उपासाबद्दल त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या. फाटकाबाहेर रस्त्याकडेला नळ होता. तिथं त्या खाली बसल्या आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायल्या.