धरून ठेवलेली जागा

फ्री सीटिंग म्हणजे नक्की काय, हे यांनी गेटवरच्या मुलीला तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी दुसरीकडे तोंड फिरवलं. ती बिचारी न कंटाळता सांगत होती. मोठं विमान बिघडलंय, त्याच्या जागी छोटं येतंय, त्यामुळे तिकिटावरचे सीट नंबर आता विसरायचे. आत जो जिथे बसेल ती त्याची जागा. आमच्या मुलानं, रोशननं, पुण्याहून तिकिटं काढताना एकाच रांगेतल्या तीन जागा निवडून घेतल्या होत्या. त्या गेल्या.

"म्हंजे एसटीसारखं," हे म्हणाले.

"हो अंकल, तसंच समजा."

झालं. यांच्या खांद्यावरचा दुपट्टा लगेच हातात आला.

आमचे हे म्हणजे ताराचंद मेश्राम. दिघोरी नाक्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, चौतीस वर्षं झाली. भिवापूर, उमरेडकडचे शेतकरी जळालेल्या पंपाच्या मोटारी आणून टाकतात आणि हे तांब्याची तार गुंडाळत बसतात. बोलणं बेताचंच. पण जागा पकडण्यात या माणसाला तोड नाही. गणेशपेठच्या स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत यांचा दुपट्टा खिडकीतून आत पडलेला असतो. ड्रायव्हरच्या मागच्या दोन जागा, तिथे दणके कमी बसतात. एक आमच्या लेकीची, भूमिकाची, एक यांची. मी आपली मिळेल तिथे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण यांच्या शेजारी बसून मी किती प्रवास केला ते बोटांवर मोजता येईल, आणि बोटं उरतील. याचा राग येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. पण कुणावर काढायचा?

भूमिका आमची थोरली. जन्मली तेव्हा फार उशिरा रडली, आणि त्या दोन-चार मिनिटांत जे व्हायचं ते होऊन गेलं. आता एकोणतीस वर्षांची आहे. पाच-सहा शब्द बोलते. हाताशी असेल त्या कापडाचा काठ चिमटीत धरून चोळत बसायची सवय आहे. कधीमधी झटका येतो. त्या वेळी तिला कुशीवर कसं वळवायचं, दातांत काही घालायचं नाही, घड्याळ बघत राहायचं, हे सगळं मलाही येतं. पण तिच्या बाबांना झटका यायच्या आधीच कळतं. म्हणून तिच्या शेजारची जागा कायमची यांची. ऑटोत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर. रोशनला पदवी मिळाली त्या दिवशी पालकांच्या खुर्च्यांना नंबर होते, तर हे पठ्ठे दोन तास भिंतीला टेकून लेकीसोबत उभे राहिले. स्टेजवरून रोशन माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

मागच्या पोळ्याच्या सुमारास यांच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट टाकले. घरी आल्यावर पहिल्याच रात्री मला म्हणाले की आता पोरीचं काय ते पाहावं लागेल. मग रोशननं पुण्यापलीकडे, भोरच्या वाटेवर एक संस्था शोधली. अशाच मोठ्या मुलामुलींची. बाग आहे, हातमाग आहे, रात्री जागणारी नर्स आहे. आधी एक महिना ठेवून बघायचं, रुळली तर कायमचं. आम्ही तिला तिथं सोडायला निघालो होतो. तिला तसं सांगितलं होतं, पण किती कळलं कोण जाणे. आणि यांची एवढीच इच्छा होती की जाताना तरी तिच्या शेजारी बसून जायचं.

आता मला सांगा, गेटवरच्या मुलीला एक शब्द सांगितला असता, की बाई, आमची पोर अशी अशी आहे, तर तिनं आम्हाला सगळ्यांच्या आधी आत बसवलं असतं. मी तसं म्हटलंही. पण नाही. या माणसानं उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नाही की माझी मुलगी आजारी आहे, जरा सरका.

"मी आहो नं," हे म्हणाले. "कोनाले काय सांगाचं? मी पुढं जाऊन जागा धरतो. तू आन तिले सावकाश."

आणि गेले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, छातीत दोन स्टेंट, पाच-पंचवीस लोकांना मागे टाकून विमानापर्यंत नेणाऱ्या पहिल्या बसमध्ये चढला. भूमिका त्यांच्या मागे जायला लागली तशी मी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. आम्हाला दुसरी बस मिळाली, तीही सगळे चढून झाल्यावर, अगदी शेवटी.

विमान पंख्याचं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा, आणि चढायचं मागच्या दारातून. आत शिरताच मला हे दिसले. पार पुढे, तिसऱ्या रांगेत, उभे. खिडकीजवळच्या सीटवर दुपट्टा पसरलेला आणि त्यावर यांचा पंजा. हवाई सुंदरी त्यांना हिंदीत सांगत होती की जागा अशी अडवता येत नाही, विमान भरलंय. एक कोटवाला माणूस बॅग धरून तिच्या मागे खोळंबला होता. हे फक्त मान हलवत होते. तेव्हासुद्धा कारण सांगितलं नाही. शेवटी तो कोटवाला कंटाळून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. मला पाहिल्यावर यांनी हात उंच केला. चेहरा असा फुलला होता, जणू विमानच मिळवलं.

मी भूमिकाला पुढे घातलं. चार-पाच रांगा गेलो असू, आणि ती थांबली. तिथे माझ्याच वयाची एक बाई बसली होती, सुती नऊवारी नेसलेली, शेजारची सीट रिकामी. तिच्या पदराला मोठा लाल काठ होता. भूमिकानं खाली वाकून तो काठ चिमटीत धरला आणि बसली. बस्स, बसली.

मी म्हटलं, बेटा, बाबा तिकडं आहेत. ती हलली नाही. मी त्या बाईंची माफी मागितली आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं, झटक्याचंही. बाई म्हणाल्या, "बसू द्या वं. माह्या पदराचं काय, झिजत नाही थो."

मागून हवाई सुंदरी घाई करत होती. दार लागलं. सगळ्या विमानात एकच जागा उरली होती, ती यांनी दुपट्टा टाकून धरलेली. मी तिथे जाऊन बसले.

"थे कुठं हाय?" यांनी विचारलं.

मी सांगितलं. हे उठायला लागले तर पट्ट्यानं अडवलं. पट्टा सोडला, तर हवाई सुंदरीनं बसवलं. विमान हललं होतं. हे मान वळवून वळवून मागे बघत होते, पण सीटांच्या पाठींपलीकडे काही दिसत नव्हतं.

"झटका आला तं?"

"त्या बाईला सांगितलं मी. आपण इथंच आहो, दहा पावलांवर."

"तिथं कोन राहीन दहा पावलांवर?"

मी यांचा हात धरला. तारेनं कापून कापून निबर झालेला हात, आणि चारचौघांत तो मी असा कधी धरला नव्हता. म्हटलं, "अजी, म्हणून तं बसा. राहून पाहू द्या तिले तुमच्याबिना."

बोलून गेले आणि माझीच जीभ मला कडू लागली.

वर गेल्यावर पट्टे सोडायची परवानगी मिळाली. हे लगेच उठले. मी अडवलं नाही. मधल्या वाटेत सीटची पाठ धरून उभे राहिले आणि मागे बघत राहिले. मला वाटलं, आता जातील, लेकीला उठवून घेऊन येतील आणि मी आपली तिच्या जागी. तशी मी चपला पायात सरकवूनही ठेवल्या होत्या. पण हे गेले नाहीत. बरंच थांबून परत बसले.

"काय झालं? काहून नाही गेले?"

"हासून राह्यली थे," हे म्हणाले. "थ्या बाईसंगं. खिडकीतून काही दाखवून राह्यली."

"मग बरंच आहे नं."

"बरंच हाय." मग दुपट्ट्याची घडी घालत, "मले वाटलं होतं थे मले शोधीन."

रडले. आवाज नाही, काही नाही, समोरच्या सीटच्या खिशाकडे बघत रडले. स्वतःच्या बापाच्या मयतीलाही मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. कशासाठी ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. बत्तीस वर्षांनी शेजारची जागा मिळाली होती, आणि ती अशी.

पुण्याला उतरल्यावर बाईंनी भूमिकाचा हात यांच्या हातात दिला. पोरीनं काहीच त्रास दिला नाही म्हणाल्या. यांनी हात जोडले. काही बोलायला गेले, पण नुसतंच "माही मुलगी..." म्हणाले आणि थांबले. बाई म्हणाल्या, "हाव, समजलं." आणि निघून गेल्या.

रोशन परस्पर संस्थेत पोचणार होता. त्यानं पाठवलेली टॅक्सी बाहेर उभी होती. सामान ठेवलं. भूमिका मागच्या दारातून आत शिरली, सरकत पलीकडच्या खिडकीपाशी गेली आणि शेजारची जागा तिनं तळव्यानं थोपटली. ही तिची रीत. बाबांनी इथं बसायचं.

हे दाराशी उभे होते. आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तू बस," म्हणाले.

मी काही म्हणायच्या आत पुढचं दार उघडून हे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मी मागे बसले. भूमिकानं सीट पुन्हा थोपटली, माझ्या मांडीवरून हात नेऊन थोपटली, आणि "बाबा" म्हणाली.

"हाव बेटा," हे समोर बघत म्हणाले. "आई हाय नं."

ड्रायव्हरनं सांगितलं, काका, बेल्ट लावा. यांनी पट्टा ओढला आणि खाचेत बसवायला लागले. बसेना. पुन्हा ओढला, पुन्हा चाचपलं. शेवटी ड्रायव्हरनंच हात लांबवून तो अडकवून दिला आणि गाडी काढली.