मागच्या भिंतीची नोटीस

गिस्लेन त्रेपानिये बाईंनी नोटिशीला उत्तर दिलं नव्हतं. मुद्दामच. माँट्रियलमध्ये दुरुस्तीसाठी घर रिकामं करायची नोटीस आली आणि भाडेकरू दहा दिवस गप्प राहिला, तर कायद्याने तो नकार धरतात. भाडेकरूंना हे पाठ असतं. घरमालक रेमीला मात्र बापाच्या मागे हे घर मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली. तो गप्प बसण्याला होकार समजला आणि सरळ गवंडी घेऊन आला.

मागची भिंत खरंच फुगली होती. विटांना पोट आलं होतं आणि नेमका तिथेच बाईंचा पलंग होता. पण खालच्या मजल्यावरची भाडेकरू ओदेतही अशीच दुरुस्तीसाठी तीन महिने गेली होती. परत आली तेव्हा दारावर दुसऱ्याचं नाव. या घरात बाईंची बावीस वर्षं गेली होती.

रेमी बाहेरच्या लोखंडी जिन्याने धापा टाकत वर आला.

"मादाम, सामान अजून जागचं हललं नाही?"

"मीही हललेली नाही. दिसत नाही का?"

परांची बांधून झालीय, माणसं खाली खोळंबलीत, उद्या भिंत कोसळली तर लोक मलाच धरतील, असं तो बोलत राहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाईंचे गुडघे ठणकत होते. भांडायचाही त्यांना वीट आला होता. त्यांनी फ्रिजवर लावलेला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यावर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: एकतीस ऑक्टोबरला परत येणार, याच घरात, याच भाड्याने.

"सही कर. संध्याकाळपर्यंत निघते."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"ओदेतला शब्दच दिला होतास ना, बाळा?"

रेमीने पेन काढलं. 'याच भाड्याने' यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

"एवढं सोडून सगळं कबूल."

बाई चिडल्या नाहीत. चिडायलाही अंगात ताकद लागते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"गवंड्यांना घरी पाठव. आता काय ते न्यायाधीशापुढे बोलू."

तो जिना उतरून गेला. बाईंनी पलंगाचा पाय धरला आणि ओढायला लागल्या. वीतभर ओढायचं, दम खायचा, पुन्हा ओढायचं. दिवेलागणीला पलंग पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली आला. मागे भिंत होती तशीच फुगलेली होती.