ऊस उभा, घेवडा वाकडा

अंबूबाईनं घेवड्याचं एक झाड मुळासकट उपटलं आणि भर गावातनं हातात मिरवत थेट भाऊसोच्या दाराकडं निघाली. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय काकी, सकाळी सकाळी?" तिनं मान वळवली नाही. एरवी कीर्तनाला पहिल्या रांगेत बसून बुवांच्या शब्दाशब्दाला डोळे टिपणारी ही बाई. पण आज तिच्या वाऱ्याला कुणी उभं राहू नये.

रहिमतपूरच्या अलीकडचं हे गाव. इथं पूर्वी शिवारभर वाघ्या घेवडा असायचा, आता नजर जाईल तिथवर ऊस. अंबूबाईनं मात्र आपले वीस गुंठे घेवड्याला धरून ठेवले होते. बी सासूच्या हातचं, दरसाल राखेत घोळून ठेवलेलं. यंदा पाऊस वेळेवर आला म्हणून तिनं डबा पार रिता केला. सगळं पेरलं, मूठभरसुद्धा मागं ठेवलं नाही. आणि परवा उघडीप बघून, भर दुपारी, चुलतदिराच्या लेकानं, म्हणजे भाऊसोनं, शेजारच्या उसात तण मारायचं औषध, टू-फोर-डी, मारलं. ऊस पश्चिमेला, वाराही पश्चिमेचाच. दोन दिवसांत वरच्या अंगाचा घेवडा वेडावाकडा झाला. पानं आखडून पंख्यासारखी, देठ पीळ घातलेल्या सुतळीसारखे. खालच्या अंगाच्या आठ ओळी तेवढ्या वाचल्या, कारण त्यांच्या शेजारचा उसाचा तुकडा मारायचा राहिला होता. तो आज मारायचा होता. त्या आठ ओळी गेल्या की बी संपलं.

भाऊसो कट्ट्यावर फवारणीचा पंप घेऊन बसला होता. बाटली शेजारीच.

"हे बघ," म्हणत तिनं झाड त्याच्या पुढ्यात आदळलं.

"आवं काकी, रोग पडला असंल."

"मूळ बघ की. पांढरंशुभ्र हाय. ह्यो रोग न्हाई, तुझं औषध हाय."

भाऊसो हसला. "औषध मी मारलं उसात. ऊस बघा कसा डोलतोय. ज्याच्यावर मारलं त्यो मरंना, आन् बांधापल्याडचा घेवडा कसा मरंल?"

काल पारावरही त्यानं हेच सांगितलं होतं आणि पाचसहा शहाण्यांनी माना डोलावल्या होत्या. अंबूबाईनं पदर कमरेला खोचला.

"चाळीस वर्सं खुरपं धरलंय रं मी! एक औषध पडंल तिथं भाजतं, दुसऱ्या दिशी पानावर करपल्याचं डाग. दुसरं मुळापातूर उतरतं. आठ दिस झाड हिरवंच दिसतं, मग शेंड्याकडनं पिवळं पडत जातं. त्याला गवत काय नि झाड काय, समदं सारखंच. आन् तुझं ह्ये तिसरं. ह्ये झाडाला वाढीचं येड लावतं. झाड वाढत सुटतं, कसंबी, कुठंबी, आन् सोताच सोताला पिळून मरतं. ऊस गवताच्या जातीचा, त्यो पचवतो. मरण रुंद पानाच्याला. घेवड्याचं पान तळहाताएवढं हाय, दिसत न्हाई व्हय तुला?"

"लय शिकलासा की काकी!"

"शिकले. तुमी खुरप्यानं भांगलण बंद केली, मग बांधावर बसून दुसरं काय बघायचं?" ती पंपाजवळ गेली. "धुतलायस ह्यो?"

"तीन पाण्यानं. आईशप्पत."

"मग त्यात हौदातलं निव्वळ पाणी भर, आन् मार ह्या दोडक्यावर."

दारातल्या मांडवावर दोडका पिवळ्या फुलांनी भरला होता. भाऊसोनं वेलाकडं पाहिलं, अंबूबाईकडं पाहिलं. मागं हटणं त्याला जमेना. कळशी उचलून त्यानं पंपात पाणी ओतलं, पट्टा खांद्याला लावला.

तोच घरातनं त्याची बायको संयोगिता पिठाच्या हातानं धावत आली आणि वेलासमोर हात पसरून उभी राहिली. "खबरदार! माझ्या वेलाला हात लावायचा न्हाई!"

"आगं, नुसतं पाणी हाय!"

"मागल्या साली ह्याच धुतलेल्या पंपानं मिरचीवर माव्याचं औषध मारलं, तवा मिरची अशीच पिळवटली. तुमीच म्हणालासा, 'पंपात टू-फोर राह्यलं असंल, कुणाला बोलू नगं.'"

अंबूबाईला वाटलं होतं, पोराला अक्कल नाही. अक्कल नसलेल्यावर माणूस रागावून मोकळा होतो. पण ह्याला माहीत होतं.

"म्हंजे तुला ठावं हुतं," ती म्हणाली. आवाज आता चढला नव्हता, त्यामुळंच भाऊसो घाबरला. "पंपात उरलेल्या थेंबानं काय हुतं ते ठावं असून तू वाऱ्यावर अख्खा पंप मारलास. सप्त्यात गळ्यात टाळ अडकवून रडतोस. बुवा सांगत्यात जिवाजिवात देव, आन् तू पुढं बसून मान हलवतोस. ते रडणं कुणाचं रं? माझा घेवडा जीव न्हाई?"

"काकी, मी सांजचं वारं पडल्यावर—"

"त्या तुकड्यात थेंब पडायचा न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. मी ओळीत बसते. मारायचं तर माझ्या अंगावर मार."

ती निघाली. संयोगितानं हात धुतले, दोन खुरपी घेतली आणि ती तिच्या मागं चालू लागली. उसाच्या त्या तुकड्यात कुर्डूचं तण गुडघाभर माजलं होतं. दोघी खुरपायला वाकल्या.

तासाभरानं भाऊसो आला. पंप नव्हता. बांधावर उभा राहून म्हणाला, "काकी, चुकलं माझं."

"तोंडानं नगं. वाक."

तो वाकला. पहिलाच कुर्डू त्याच्या हातात अर्धा तुटून आला.

"मुळासकट रं भाड्या!" अंबूबाई खेकसली, आणि ऊन उतरेपर्यंत खेकसतच राहिली.