हिंगाचं ताक

आमच्या घरात माझ्या पोटाबद्दल मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. माझा नवरा प्रज्योत म्हणायचा, मनाचं आहे. शेजारची आनंदी म्हणायची, दृष्ट लागली. माझ्या सासूबाई पद्मावती, त्यांना मी मांय म्हणते, त्यांचं मत असं की हर्षा धड जेवतच नाही, म्हणून पोट रुसतं. आठ वर्षं हे ऐकलं. जेवल्यावर तासाभरात पोट ढोलासारखं फुगायचं, छातीत जळजळ सुरू व्हायची आणि मग संडासाकडे धाव. गोळ्या तर मी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या.

यंदा मात्र गळ्याशी आलं. मुरगाव बंदरावरच्या एका कंपनीत मला क्लार्कची नोकरी लागली. रुजू व्हायची तारीख नऊ आठवड्यांनंतरची, सोमवारची. शिरगावहून मुरगाव म्हणजे बस बदलत बदलत दोन तासांच्या वर. मुलाखतीला जाताना मी मध्येच बस थांबवून उतरले होते आणि एका अनोळखी घराचं दार वाजवून विचारलं होतं, "बाय, तुमचो संडास वापरूं?" त्या बाईनं एक अक्षर न विचारता आत घेतलं. पण असं रोज कोण घेईल? बी.कॉम. होऊन बारा वर्षं घर सांभाळल्यावर मिळालेली नोकरी मी पोटापायी सोडणार नव्हते. मेले तरी नाही.

माझं माहेर वाळपईचं. तिथल्या डॉक्टर क्षमा यांनी आधी रक्त तपासलं. गव्हामुळे आतडी खराब होतात तो मोठा आजार मला नव्हता. "पण तो आजार नसतानाही काही जणांना गहू सोसत नाही," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे गहू, मैदा, रवा बंद. कणभरसुद्धा नको. बरं वाटलं तर पुन्हा खाऊन बघायचं. त्याशिवाय खात्री होत नाही."

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की आमच्या वाड्यावरची सगळी दारं उघडतात. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, दोन उंडे कमी दे. मांय मागेच उभ्या होत्या.

"पाव सोडून गोंयचो मनीस जगता?"

"सहा सप्तां जगून पळयतां, मांय."

पाव गेला, चपाती गेली, शिरा गेला, चहात बुडवायची कडक पावाची कांकणं गेली. पेज, भात, तांदळाची भाकरी, नाचणीची आंबील, एवढ्यावर मी आले. घरातलं प्रत्येक पाकीट उलटून वाचलं. सॉसची बाटली वाचली, शेवेची पिशवी वाचली. प्रज्योत म्हणाला, "परीक्षेक बसता काय गे?" मी म्हटलं, होय, आणि यावेळी नापास व्हायचं नाही.

चार आठवडे झाले. फरक शून्य. रोज संध्याकाळी पोट फुगायचंच, आणि मांयचा जीव तुटायचा, ते खोटं नाही सांगत. त्या साडेसातला न चुकता पेलाभर ताक आणून द्यायच्या, त्यात मीठ आणि हिंग. "हिंग म्हणजे पोटाचो राजा," असं म्हणत. गुण येत नाही असं दिसल्यावर त्यांनी चिमटीचा अर्धा चमचा केला. मी डोळे मिटून प्यायचे. सासूनं मायेनं दिलेल्या औषधाला कोण नाही म्हणणार?

मग भाच्याच्या बारशाला तीन दिवस वाळपईला गेले. भात, मासे, भाजी, ताक, सगळं खाल्लं. पोट गप्प. परत आले आणि दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा ढोल. काय खाते ते मी वहीत लिहून ठेवत होते. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली. भात तोच, ताक तेच. फक्त आई ताकात जिरं घालते आणि मांय हिंग.

मांयना एक सवय आहे. बाजारातून काही आणलं की पाकीट फोडून बाटलीत ओतायचं आणि पाकीट चुलीत घालायचं. बाटल्यांवर नाव नाही, काही नाही. "नाक आसा न्हय?" म्हणतात. म्हणून घरातलं सगळं वाचलं तरी हिंग वाचायचा राहिला होता. मी तडक दत्तारामच्या दुकानात गेले, मांय नेतात तोच हिंग मागितला आणि पाकीट उलटं केलं. गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. पहिलं नाव गव्हाचं! मी दुकानाच्या पायरीवर बसून हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चार आठवडे पावाकडे पाठ फिरवून मी रोज गहूच पीत होते.

पाकीट मांयसमोर ठेवलं. त्यांनी तिसरीपर्यंतच्या शाळेवर एकेक अक्षर लावून वाचलं.

"म्हणजे माज्या हातान तुका वीख गेलां?"

"तशें न्हय, मांय..."

पण त्या उठून गेल्या. पुढचे दोन दिवस त्या फक्त मांजराशी बोलल्या. "मने, तुका तरी माजें दूद सोसता मगे?" आणि तिसऱ्या दिवशी आनंदीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "हिंगान खंय पोट बिघडता? नाटकां सगळीं." ते लागलं मला, अगदी आतपर्यंत लागलं. पण ताकाला मी पुन्हा हात लावला नाही. वाईट वाटलं म्हणून हरायचं, असं थोडंच आहे?

आणि पोट शांत झालं. एक आठवडा, दोन, तीन. एका रविवारी मी बसने मुरगावला जाऊन आले. मध्ये कुठेच उतरावं लागलं नाही.

रुजू व्हायच्या आधीचा गुरुवार. साडेसातला मांय पेला घेऊन समोर उभ्या. हिंगाचा वास आला.

"डॉक्टरीण म्हणटा न्हय, परत खावन पळय? पी."

सोमवार चार दिवसांवर होता. प्यायले आणि बिघडलं तर? नाही प्यायले तर जन्मभर नाटकी ठरणार होते. मी पेला घेतला आणि एका दमात संपवला. मांय समोर बाकावर बसल्या. प्रज्योत मोबाइल बघतोय असं दाखवत माझ्याकडेच बघत होता. आठ वाजले, साडेआठ, नऊ. काही नाही. पोट गप्प.

मांय उठून आत गेल्या. मला मात्र रडू कोसळलं. म्हणजे सगळे म्हणत होते तेच खरं? आठ वर्षं माझंच मन मला फसवत होतं? प्रज्योत म्हणाला, "बरें जालें न्हय, कांय जालें ना तें?" हातात डाव असता तर त्याच्या डोक्यात घातला असता.

शुक्रवारी साडेसातला पुन्हा पेला. मी पुन्हा प्यायले, आता रागानंच. साडेआठला पोट ताणलं, छातीत आग पेटली आणि मी संडासाकडे धावले. बऱ्याच वेळानं दार उघडलं तर मांय बाहेरच्या दगडावर तांब्या घेऊन बसलेल्या. त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं.

"काल दिल्लो तो शुद्ध हिंग," त्या खाली बघत म्हणाल्या. "वाळपयच्या बाजारांत वचून खडो हाडलो. त्यांत गंव ना. आज दिलो तो आमचो सदचो. तुका मुद्दाम सांगूंक ना. मनाचें काय पोटाचें, तें माका कळूंक जाय आशिल्लें."

मी भिंतीला टेकले. या बाईनं माझी परीक्षा घेतली होती, तीही नोकरीच्या तोंडावर! राग तर आलाच. आणि त्याच वेळी आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटाचं खरं काय ते शोधायला बाजारापर्यंत गेलं होतं.

"मनाचें न्हय गे," मांय म्हणाल्या. "आठ वर्सां..." तांब्या माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या.

शनिवार-रविवार मी पेजेवर काढले. सोमवारी पहाटे स्वयंपाकघरात गेले तर मांय माझ्या आधी उठलेल्या. फळीवरच्या एकूण एक बाटलीवर जुन्या कॅलेंडरची पट्टी चिकटवलेली होती. चिकटवायला खळ नव्हती, भाताची शितं होती. वाकड्या अक्षरांत कुठे "गहू आहे", कुठे "गहू नाही". बाहेर पोदेराचा भोंपू वाजला आणि मांय आनंदीच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन उंडे कमीच दी रे. आमचे सुनेक गंव सोसना. डॉक्टरीण म्हणटा आनी मीय म्हणटां."

मी वेळेवर कचेरीत पोचले, वाटेत कुठेही न उतरता. दुपारी एक वाजता मांयनी दिलेला डबा काढला. त्याच्या झाकणावरही एक पट्टी होती, शितांनी चिकटवलेली.

"गहू नाही. पोटभर खा."