दादाच्या गाण्यातली आई

सकाळची प्रार्थना संपेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, हे माझं व्रत दादाला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच तो रेकॉर्ड कंपनीच्या साउंड इंजिनिअरला घेऊन नेमका त्याच वेळी आला.

बँडशी भांडून त्याने काढलेला एकट्याचा रॉक अल्बम तीस वर्षांनी पुन्हा बाजारात येणार होता. त्यातल्या शेवटच्या गाण्यात आमची आई आहे. आजारपणात ती देवाला हाका मारायची. दादाने त्या चोरून टेप केल्या आणि वर ड्रम बडवले. आता कंपनीला माझीही संमती हवी होती.

त्याने माझ्याच स्वयंपाकघरात स्पीकर मांडून ते गाणं लावलं. नव्याने साफ केल्यामुळे आईची धाप पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येत होती.

"बघा, धाकटीची काही हरकत नाही," दादा इंजिनिअरला म्हणाला. "असती तर बोलली असती."

माझी प्रार्थना अर्ध्यावर होती.

"आईला त्यातून काढा," मी म्हणाले.

दादा दचकला. "मौन मोडलंस? देव बघतोय हं!"

"बघू दे. त्याची माफी मी मागेन. तू आईची मागितलीस?"

"अगं, पण तिच्याशिवाय त्या गाण्यात उरतं काय?"

"तू उरतोस की," मी हळूच म्हणाले. "एकट्याचाच अल्बम आहे ना?"

इंजिनिअर मान खाली घालून वायरी गुंडाळू लागला. दादा मात्र अगदी रडवेला झाला. आई गेली तेव्हाही तो एवढा रडवेला झाला नव्हता.