धुण्यावरच्या सिस्टर

“शिक्षिकांच्या यादीत शिक्षिकाच असतील,” मदर म्हणाल्या. “धुणं धुणाऱ्या सिस्टरना त्यात कसं घालणार?”

“मग मलाही काढा त्यातून.”

माझी जीभ आधी पळते, डोकं मागून येतं. सहासष्टाव्या वर्षीही त्यात फरक नाही. पण त्या सकाळी मला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, देव मला क्षमा करो. आमच्या धर्मभगिनींच्या संघाला दीडशे वर्षं झाली. त्याचा इतिहास मी चार वर्षं खपून लिहिला होता आणि बारा वाजता छापखान्याचा माणूस शेवटची पानं न्यायला येणार होता. त्या पानांवर संघातल्या सगळ्या शिक्षिकांची नावं होती.

पूर्वी आमच्यात दोन फळ्या असायच्या. शिकलेल्या सिस्टर शाळेत, बाकीच्या स्वयंपाकात आणि धुण्यात. प्रार्थनेलाही त्या मागच्या बाकांवर. ते सगळं मोडून पन्नास वर्षं झाली, पण जुन्या वह्यांत तसंच आहे आणि मदर वह्यांवर बोट ठेवून चालतात.

“पुरावा काय, सिस्टर?”

“पुरावा तुमच्यापुढे उभाय. उशिरा आलेल्या मुलींनी पुढच्या घंटेपर्यंत धुण्याच्या खोलीत बसायचं, असा नियम होता. घरी धाकटी तीन भावंडं, मी रोज उशिरा. तिथे या सिस्टर वाळलेले कपडे पुढ्यात टाकायच्या. प्रत्येकावर लाल दोऱ्यानं नाव. म्हणायच्या, ‘वाच आणि ज्याच्या त्याच्या ढिगात टाक.’ माझ्या एका चुकीनं स्वयंपाकिणीचा झगा तेव्हाच्या मदरना गेला होता. दोन दिवस त्यांना कांद्याचा वास येत होता.”

मदर हसू दाबत होत्या. मी सोडते काय!

“तुम्हाला वाचायला कुणी शिकवलं?”

“तुम्ही,” मदर म्हणाल्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी.

“आणि मला?”

मदरनी पेन उचललं आणि धुण्यावरच्या सिस्टरचं नाव स्वतः लिहिलं. मला इतका आनंद झाला की मी ते पान हातात घेऊन धावतच निघाले. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत.

एक्क्याण्णव वर्षांच्या त्या सिस्टर आजाऱ्यांच्या खोलीत खिडकीशी पडून होत्या. मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

“शिक्षिका? मी?” त्यांचे डोळे भरले. मग म्हणाल्या, “अगं, पण माझ्या आधीची कुठाय?”

“कोण?”

“माझ्या आधी धुण्यावर होती ती. मला तरी कुठं येत होतं वाचायला? तिनंच शिकवलं.”

“नाव काय त्यांचं?”

त्या आठवत राहिल्या. “थोरली म्हणायचो आम्ही. दहा वर्षं एका टोपात हात घातले गं आणि नाव विसरले.”

त्यांना रडू आवरेना. मी त्यांचा हात धरून बसले, मग खाली आले. मदरनी जुनी वही काढली. या सिस्टर धुण्यावर आल्या त्या सालच्या पानावर शिक्षिकांची नावं होती आणि त्याखाली ‘कामकरी सिस्टर : सहा’, एवढंच.

छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा होता. मदरनी यादीत एक ओळ वाढवली आणि पान त्याच्या हाती दिलं.

“‘धुण्यावरच्या थोरल्या सिस्टर’,” त्यानं वाचलं. “नाव राहिलंय, मदर. काय टाकू?”

“काही टाकू नका,” मदर म्हणाल्या. “नावापुरती जागा सोडा.”